शून्याची गुणवत्ता

बाबासाहेब १९०७ साली मॅट्रिक झाले. ७५० पैकी २८२ मार्क. साडेसदतीस टक्के धरा. तरी एल्फिन्स्टन कॉलेजात गेले, पुढं कोलंबिया, लंडन. कराडचं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज १९६० पासून उभं आहे. तिथं आज बारावीच्या विषयांत मागासवर्गीयाला किमान ४० टक्के लागतात, खुल्याला ४५. त्या हिशेबानं बाबासाहेबांचा फॉर्म खिडकीतूनच परत!

आणि या पाच टक्क्यांवरून आमच्या पोरांनी जन्मभर टोमणे खायचे.

आता दुसरा हिशेब ऐका. सप्टेंबर २०२३. डॉक्टरकीच्या पदव्युत्तर जागा रिकाम्या पडल्या, तर केंद्र सरकारनं नीटची पात्रता सगळ्यांसाठी शून्य पर्सेंटाइलवर आणली. खुल्याला आधी ५० होती. १९९० ला मंडलच्या नावानं झाडू घेऊन रस्त्यावर बसलेले गुणवत्तेचे राखणदार तेव्हा कुठल्या बिळात होते?

मी गोदीत माल उचलतो. काटा मारलेला हाताला कळतो. कॉलेजची खुर्ची रिकामी राहिली की किमान पातळ होतं, वस्तीतल्या पोराला दोन टक्के कमी पडले की तेच दगड होतं.

कराडातल्या पोरांनो, टक्के कमी असले तरी फॉर्म भरा. नाकारलं तर कारण लेखी मागा, सहीशिक्क्यासकट. आणि ते कागद घेऊन आमच्याकडं या.