सोनोग्राफीचा पडदा आणि तिचा निर्णय

ब्रह्मपुरी : गर्भपातासाठी आलेल्या स्त्रीने आपल्या गर्भाचे सोनोग्राफीतील चित्र आधी पाहावे, यासाठी डॉक्टरांनी तिला प्रवृत्त करावे काय? अमेरिकेत हा प्रश्न अनेक वर्षे विधिमंडळांतून आणि न्यायालयांतून गाजला. वैनगंगेच्या काठच्या या तालुक्यात तो उच्चारला, तर ऐकणारा क्षणभर गोंधळून जाईल. इथल्याच काय, राज्यातल्या कोणत्याही सोनोग्राफी केंद्रात पाऊल टाकताच गर्भलिंग सांगणे हा गुन्हा असल्याचा फलक समोर येतो. तपासणीपूर्वी ‘एफ’ नमुन्यातील अर्जावर त्या स्त्रीची सही किंवा अंगठा घेतला जातो. ‘मला माझ्या गर्भाचे लिंग जाणून घ्यायचे नाही’ अशा आशयाचे ते प्रतिज्ञापत्र असते. त्यानंतर ती टेबलावर आडवी होते. बहुतेक ठिकाणी मॉनिटरचे तोंड डॉक्टरांकडे असते आणि तिच्या वाट्याला छत येते.

म्हणजे तिकडे चित्र दाखवण्याची सक्ती, तर इकडे ते न दाखवण्याची सवय. या दोन्हींत एक साम्य आहे. ‘बाई, तुम्हाला पाहायचे आहे का?’ हे कुणी विचारत नाही.

ब्रह्मपुरी हे चंद्रपूर जिल्ह्यातले तालुक्याचे गाव असले, तरी त्याचा दवाखान्यांचा व्याप तालुक्यापुरता नाही. नागभीड, सिंदेवाहीकडून, नदीपलीकडच्या वडसा, आरमोरी, कुरखेड्याकडून रुग्ण इथे येतात. धानाच्या आणि जंगलाच्या या पट्ट्यात गर्भपाताचा प्रश्न आला की पहिला हिशेब आठवड्यांचा असतो. रोवणीच्या दिवसांत मजुरी बुडवून दवाखान्यात जाणे परवडत नाही. मिरची तोडायला तेलंगणात गेलेल्या बाईला दिवस गेल्याचे उशिरा लक्षात आले, तर परत येईपर्यंत आणखी महिना सरतो. १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली. आता २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते. विशिष्ट गटांतील स्त्रियांना दोन डॉक्टरांच्या मताने २४ आठवड्यांपर्यंत मुभा आहे आणि त्यापुढे केवळ गर्भातील गंभीर व्यंगाच्या कारणास्तव वैद्यकीय मंडळ परवानगी देऊ शकते. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी असते, पतीची सही कायदा मागत नाही. ती मागणारे दवाखाने मात्र अजूनही आढळतात.

आता अमेरिकेकडे वळू, कारण हा वाद तिथेच जन्मला. टेक्सासने २०११ मध्ये केलेल्या कायद्यानुसार डॉक्टरने गर्भपातापूर्वी सोनोग्राफी करून चित्र स्त्रीसमोर ठेवायचे आणि गर्भाच्या अवयवांचे शब्दांत वर्णन करायचे होते. त्याच वर्षीचा नॉर्थ कॅरोलिनाचा तसाच कायदा २०१४ मध्ये अपील न्यायालयाने रद्द ठरवला, कारण सरकारचा संदेश डॉक्टरच्या तोंडून वदवून घेणे हे भाषणस्वातंत्र्यावरील आक्रमण होते. केंटकीचा २०१७ चा कायदा मात्र २०१९ मध्ये टिकला. त्यात स्त्रीला नजर दुसरीकडे वळवण्याची मोकळीक ठेवली होती! ज्या कायद्याला ‘ती डोळे मिटू शकते’ असे लिहावे लागते, त्याचा हेतू माहिती देण्याचा असेल यावर विश्वास ठेवणे कठीण आहे. २०२२ च्या जूनमध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा घटनात्मक हक्कच काढून घेतला. टेक्सास आणि केंटकी या दोन्ही राज्यांत त्यानंतर जवळजवळ संपूर्ण बंदी आली. हंगेरीने मात्र त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गर्भाच्या जीवनक्रियांची, म्हणजे प्रत्यक्षात हृदयाच्या ठोक्यांची, जाणीव स्त्रीला करून देणे बंधनकारक केले.

चित्र पाहून मन बदलते, हे या साऱ्यामागचे गृहीतक. त्याची पडताळणी झालेली आहे. लॉस एंजलिसमधील एका संस्थेच्या दवाखान्यांतील १५ हजारांहून अधिक भेटींच्या नोंदी तपासून २०१४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे चित्र पाहायचे की नाही हे स्त्रीवर सोपवले होते. ४२.५ टक्के वेळा स्त्रियांनी ते पाहिले. पाहणाऱ्यांपैकी ९८.४ टक्के, तर न पाहणाऱ्यांपैकी ९९ टक्के गर्भपात झाले. जो किंचित फरक दिसला, तो आधीपासूनच द्विधा मनःस्थितीत असलेल्या थोड्या स्त्रियांत. ज्यांचा निर्णय पक्का होता, त्यांच्यावर चित्राचा परिणाम दिसला नाही. या आकड्यांकडून दोन्ही बाजूंनी शिकण्यासारखे आहे. चित्र दाखवल्याने गर्भपात थांबत नाहीत. पण मागणाऱ्या स्त्रीला ते दाखवल्याने ती कोलमडते, अशी जी भीती आपल्याकडे व्यक्त होते, तिलाही यात फारसा आधार मिळत नाही.

महाराष्ट्राचा अनुभव तर याच्या नेमका उलट आहे. अमेरिकेतील गर्भपातविरोधकांना वाटते की गर्भाचे दर्शन झाले की गर्भपात टळेल. आपल्या राज्यात लाखो घरांनी गर्भाचे ‘दर्शन’ घेतले आणि म्हणूनच गर्भपात केला. ऐंशीच्या दशकात मुंबईत गर्भजलपरीक्षेच्या उघड जाहिराती होत होत्या. आज थोडे खर्च करा, उद्याचा हुंडा वाचवा, असा त्यांचा आशय असे. स्त्रीसंघटनांच्या रेट्यामुळे १९८८ साली गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने केला, १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला. तोवर सोनोग्राफी यंत्रे तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचली होती. ‘सेहत’, ‘मासूम’ आणि डॉ. साबू जॉर्ज यांनी २००० साली सर्वोच्च न्यायालयात धाव घेतल्यानंतर अंमलबजावणीला गती आली आणि २००३ मध्ये कायदा कडक झाला. तरीही शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींची राज्यातील संख्या १९९१ मध्ये ९४६ होती, ती २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ वर आली. बीड जिल्ह्यात ती ८०७ होती. त्याच जनगणनेत गडचिरोलीत ९६१ आणि चंद्रपुरात ९५३ अशी नोंद झाली. राज्यातील ज्या भागाला आपण मागास म्हणतो, तिथे मुली वाचल्या. ज्या भागात ऊस, पैसा आणि यंत्रे आधी पोहोचली, त्यातल्या अनेक जिल्ह्यांत त्या घटल्या. पडद्यावरील चित्राला स्वतःची नीती नसते. ते कोण दाखवतो, कुणाला दाखवतो आणि घरी कोण वाट पाहत बसले आहे, यावर त्याचा अर्थ ठरतो.

परळीचे प्रकरण २०१२ मध्ये उघड झाले, तर २०१७ च्या मार्चमध्ये सांगली जिल्ह्यातील म्हैसाळला १९ भ्रूण पुरलेले सापडले. अशा प्रत्येक घटनेनंतर यंत्रणा खडबडून जागी होते आणि तपासण्यांची लाट येते. ती आवश्यकच आहे. पण तिचा एक परिणाम असा झाला, की गर्भलिंगनिवड आणि गर्भपात या दोन वेगळ्या गोष्टी सरकारी भिंतींवर एक होऊन बसल्या. ‘स्त्रीभ्रूणहत्या’ हा शब्द आपण वृत्तपत्रांनीही वर्षानुवर्षे छापला. त्यातल्या ‘हत्या’ने कायदेशीर गर्भपातासाठी आलेल्या बाईच्याही अंगाला अपराधाचा वास लावला. गर्भपाताच्या गोळ्यांवर अन्न व औषध प्रशासनाची करडी नजर वळल्यावर राज्यातल्या अनेक औषध विक्रेत्यांनी त्या ठेवणेच सोडले. वास्तविक या गोळ्या नवव्या आठवड्यापर्यंतच्या गर्भपातासाठी आहेत आणि त्या काळात सोनोग्राफीत लिंग कळतच नाही.

नेमका हाच मुद्दा पडद्याच्या बाबतीतही आहे. आठव्या आठवड्यातील गर्भ जेमतेम दीड सेंटिमीटरचा असतो. तज्ज्ञालाही त्यात मुलगा-मुलगी ओळखता येत नाही, मग आईला काय दिसणार? कायदा डॉक्टरला लिंग शब्दाने, खुणेने किंवा अन्य कोणत्याही प्रकारे सांगण्यास मनाई करतो. आठव्या आठवड्यातल्या चित्रातून सांगण्यासारखे लिंगच नसेल, तर पडदा वळवण्यास अडचण कोणती? अडचण भीतीची आहे. ‘एफ’ अर्जातील त्रुटी हाही गुन्हाच, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले. पहिल्या गुन्ह्यालाच तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. यंत्राला सील लागले तर सारा दवाखाना ठप्प. साहजिकच डॉक्टर नको ती झंझट म्हणून पडदा आपल्याकडे ठेवतात. त्यांना दोष देणे सोपे आहे, पण फारसे न्याय्य नाही.

मग आपणही ‘प्रोत्साहन’ द्यावे काय? माझ्या मते नाही, आणि त्याचे कारण या भागातल्या डॉक्टर-रुग्ण नात्यात आहे. जिथे रुग्ण डॉक्टरला मायबाप समजतो, तिथे ‘एकदा बघून तर घ्या’ हे वाक्य सूचना राहत नाही, त्याची आज्ञा होते. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतील वसा आणि अमिर्झा या दोन गावांत केलेला अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग आढळला आणि त्यापूर्वी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. त्यानंतर पुष्कळ बदलले. दवाखान्यातील बाळंतपणे वाढली, गावोगावी आशा सेविका आल्या. तथापि आपल्या शरीराविषयी काही विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे, ही जाणीव यंत्रांइतक्या वेगाने पसरलेली नाही. अशा स्त्रीला चित्र पाहायला सांगणे आणि ‘नको’ म्हणण्याची खरी संधी न देणे, यात केंटकीचीच छाया आहे.

ज्यांच्या श्रद्धेनुसार गर्भ हा पहिल्या दिवसापासून जीवच आहे, त्यांना दाखवणे हे कर्तव्य वाटते, हे समजू शकते. अशी श्रद्धा इथल्या घरांतही आहे, आणि ती बाळगूनही स्त्रिया गर्भपाताला येतात. त्यांना आपण काय करतो आहोत हे ठाऊक नसते, असे मानणे हा त्यांचा अपमान होय. येणाऱ्यांत दोन-तीन मुलांच्या आया असतात. चित्र न पाहताही त्यांना त्याचा अर्थ कळतो.

शिवाय पडदा सगळे सांगतो, हाही भ्रमच. पूर्व विदर्भात सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. नवरा-बायको दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. त्याचे निदान वारेचा सूक्ष्म अंश घेऊन तपासल्यावरच होते, सोनोग्राफीत नाही. पडद्यावर दिसतो तो हातपाय हलवणारा, सर्वसाधारण दिसणारा गर्भ. पहिले मूल वेदनांच्या झटक्यांनी तळमळताना पाहिलेली आई दुसऱ्या वेळी तपासणी करून निर्णय घेते. तिला ‘बघा, कसे सुंदर बाळ आहे’ असे म्हणणारा तिला अर्धेच सत्य दाखवतो.

याच्या दुसऱ्या टोकाला हवेसे असलेले गर्भारपण असते. अठराव्या-विसाव्या आठवड्यातील तपासणीत मोठे व्यंग आढळले, की घरावर आकाश कोसळते. २००८ मध्ये मुंबईतील एका दाम्पत्याने डॉ. निखिल दातार यांच्यासह उच्च न्यायालयात याच कारणाने दाद मागितली होती. परवानगी नाकारली गेली, पण पुढे २०२१ च्या दुरुस्तीपर्यंत पोहोचलेल्या चर्चेला तिथूनच तोंड फुटले. अशा आयांपैकी काहींना बाळाचे चित्र पाहायचे असते, काहींना ते डोळ्यांसमोरही नको असते. आणि इथे लिंग दिसण्याची शक्यता असल्याने डॉक्टरची अडचणही खरी आहे. पण चेहरा, हात, हृदय दाखवून यंत्राचा रोख तिथेच ठेवणे कुशल सोनोलॉजिस्टला अशक्य नाही.

न्यायालयांचा सूर या बाबतीत एकसारखा नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये महिला कैद्यांसंदर्भात, गर्भ स्त्रीच्या शरीरात वाढतो, म्हणून निर्णयही तिचाच, असे स्पष्ट म्हटले. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या सप्टेंबरमध्ये अविवाहितांनाही २४ आठवड्यांपर्यंतचा लाभ दिला. पुढच्याच वर्षी मात्र २६ आठवड्यांच्या एका प्रकरणात, प्रसूतीनंतरच्या मानसिक आजाराने ग्रासलेल्या दोन मुलांच्या आईला आधी मिळालेली परवानगी काढून घेण्यात आली. गर्भाच्या हृदयाची धडधड थांबवा असे कोणते न्यायालय सांगेल, अशा आशयाचा प्रश्न त्या सुनावणीत एका न्यायमूर्तींनी केला होता. पडद्यावरचे चित्र म्हणा किंवा हृदयाचा ठोका म्हणा, त्याचा प्रभाव स्त्रीवर पडो न पडो, निर्णय देणाऱ्यांवर तो निश्चित पडतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत गर्भपातापूर्वी सोनोग्राफीची पूर्वअट घालू नये, असे सांगितले आहे. कुरखेड्याच्या पलीकडून येणाऱ्या बाईसाठी ही बाब चित्र पाहण्या-न पाहण्यापेक्षा मोलाची आहे, कारण प्रत्येक जादा तपासणी म्हणजे आणखी एक फेरी, आणखी एक बुडालेला रोज. शेवटच्या पाळीची तारीख नक्की असेल आणि गर्भ गर्भाशयाबाहेर असल्याची शंका नसेल, तर पुष्कळदा त्याविनाही भागते. जिथे सोनोग्राफी करावीच लागते, तिथे तपासणी सुरू होण्यापूर्वी, सोबत आलेल्यांना बाहेर बसवून, एवढेच विचारावे: पडदा तुमच्याकडे वळवू का? ती नको म्हणाली तर पुन्हा विचारू नये. हो म्हणाली तर वळवावा. तिने विचारले तेवढेच सांगावे. मन डळमळत असेल, तर चार दिवसांनी परत येण्याची मुभा द्यावी आणि तोवर आठवड्यांची मर्यादा उलटणार नाही ना, हे डॉक्टरनेच कॅलेंडरवर मोजून सांगावे.

यासाठी नवा कायदा लागत नाही. आरोग्य विभागाचे एक परिपत्रक पुरेल. पहिल्या बारा आठवड्यांत स्त्रीच्या विनंतीवरून तिला पडदा दाखवणे हा गर्भलिंगनिदान कायद्याचा भंग नाही, एवढे त्यात लेखी असले म्हणजे तालुक्याच्या डॉक्टरलाही धीर येईल. ‘एफ’ अर्जात आज स्त्रीला काय जाणून घ्यायचे नाही, याचे प्रतिज्ञापत्र आहे. तिला काय पाहायचे आहे, याचा रकाना त्यात अद्याप नाही.