आधी कार्ड, मग लायसन्स

उरण-पनवेल पट्ट्यात राहणाऱ्या, पदवी घेऊन नोकरी शोधणाऱ्या मुलामुलींनो, आणि त्यांच्या आईवडिलांनो, न्हावा शेवा बंदर आपल्या दाराशी आहे. तिथे ट्रेलर, गोदाम आणि सिक्युरिटीपलीकडेही काम आहे. आयात-निर्यातीचा माल कस्टम्समधून सोडवून देणाऱ्या कस्टम्स ब्रोकरचा, म्हणजे बंदरावर ज्याला अजूनही सगळे सीएचए म्हणतात त्याचा, व्यवसाय मनावर घ्या.

काम कागदाचं आहे, पण कारकुनी नाही. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि बिल ऑफ लेडिंग शेजारी शेजारी ठेवायचे आणि वजन, नग, वर्णन जुळतं का ते पाहायचं. मग टॅरिफ उघडून मालाचा आठ अंकी कोड ठरवायचा. ड्युटी किती आणि परवानगी कुणाची, हे त्या कोडवर ठरतं. बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचं कस्टम्सकडे द्यायचं घोषणापत्र, उशिरा भरलं तर पहिले तीन दिवस रोज 5 हजार आणि पुढे रोज 10 हजार रुपये आयातदाराला मोजावे लागतात. डेमरेज, म्हणजे बंदरात पडून राहिलेल्या मालाचं भाडं, वेगळं. म्हणून चांगल्या ब्रोकरला व्यापारी सहसा सोडत नाही.

सुरुवात खालून करा. बारावी झालेल्याला ब्रोकरच्या फर्ममध्ये एच कार्डवर, म्हणजे ब्रोकरच्या कर्मचाऱ्याला मिळणाऱ्या कस्टम्सच्या ओळखपत्रावर, काम मिळू शकतं. कस्टम्सची परीक्षा पास झालात की जी कार्ड, आणि मग कागदावर सही तुमची. पदवी आणि जी कार्डवरचा 2 वर्षांचा अनुभव असला की लायसन्सच्या लेखी आणि तोंडी परीक्षेला बसता येतं. सीए, एमबीए किंवा एलएलबी झालेल्यांना तो अनुभव लागत नाही, तरी मी त्यांनाही सांगेन की वर्षभर एखाद्या फर्ममध्ये बसा. अधिकाऱ्याच्या क्वेरीला उत्तर कसं द्यायचं हे पुस्तकात सापडत नाही. पुढे स्वतःचं लायसन्स घेताना 5 लाखांची ऐपत दाखवावी लागते आणि तेवढीच सुरक्षा ठेवही भरावी लागते. 'पैसे द्या, लायसन्स काढून देतो' म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

मुलींच्या आईवडिलांना वेगळं सांगतो. डॉकवरचं काम मुलींचं नाही, ही समजूत सोडा. 2020 पासून बिल ऑफ एंट्रीची छाननी फेसलेस झाली आहे, म्हणजे न्हावा शेव्याचं बिल दुसऱ्याच शहरातला अधिकारी तपासू शकतो. कामाचा मोठा भाग ऑफिसात, कॉम्प्युटरवर होतो.

आता या धंद्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. समजा, खेळण्यांचा कंटेनर आला. खेळणी टॅरिफच्या 95व्या चॅप्टरमध्ये येतात, त्यांच्यावरची ड्युटी जबर आहे आणि 1 जानेवारी 2021 पासून आयएसआय मार्क सक्तीचा आहे. पार्टी, म्हणजे तुमचा आयातदार, म्हणते, 'प्लास्टिकच्या घरगुती वस्तू दाखवा, चॅप्टर 39 लावा, बाकी आम्ही बघून घेतो.' तिथे नाही म्हणा. पार्टी गेली तर जाऊ द्या. कस्टम्स ब्रोकरच्या लायसन्सबद्दलच्या 2018च्या नियमावलीप्रमाणे पार्टीला कायद्याने वागायला सांगणं हे ब्रोकरचं कर्तव्य आहे, आणि ती ऐकत नसेल तर कस्टम्सच्या उपायुक्तांना किंवा सहायक आयुक्तांना कळवणंही. पार्टी खरी आहे का, तिचा आयईसी (आयात-निर्यातीचा कोड), जीएसटी नंबर आणि पत्ता बरोबर आहे का, हेही ब्रोकरनेच तपासायचं असतं. चौकशी लागली की पार्टीचा फोन बंद होतो आणि नोटीस ब्रोकरच्या टेबलावर येते.

आणखी एक मोह हमखास समोर येतो. 'तुमचं फक्त लायसन्स वापरू द्या, दर कंटेनरमागे पैसे देतो.' लायसन्स विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. ते असं भाड्याने दिलंत तर कुणाच्या कंटेनरमध्ये काय निघेल हे तुम्हाला कळणारसुद्धा नाही, आणि कागदावर नाव मात्र तुमचंच असेल.

म्हणून पहिली फर्म पगार बघून निवडू नका. मुलाखतीत विचारा, टॅरिफ वाचायला आणि चेकलिस्ट करायला मला कधी बसवाल? नुसतं फाइली घेऊन पळवणाऱ्या ठिकाणी दोन हजार जास्त मिळत असतील, तरी जिथे शिकवतात तिथेच जा.