विरजणाएवढं उरलं तरी...

मैत्रिणींनो, आमच्या आळीतल्या एका वहिनींच्या यजमानांना स्वादुपिंडाचा कर्करोग झाला. केमोथेरपीनं गाठ निम्म्यावर आली, घरात पेढे वाटले गेले. आणि सहा महिन्यांत दुखणं पुन्हा उलटलं. "माझंच पथ्यपाण्यात काही चुकलं का हो?" वहिनी डोळ्यांना पदर लावून विचारत होत्या. त्यांना जे सांगितलं, तेच तुम्हालाही सांगते.

दह्याचं भांडं घाईत वरवर विसळलं, कडेला थोडं दही राहिलं, तर त्यात ठेवलेलं दूध सकाळी विरजलेलं सापडतं, होय ना? या गाठीचंही तसंच. तिच्यातल्या सगळ्या पेशी सारख्या नसतात. २००७ साली अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं, की गाठीतल्या शेकडा एकाहूनही कमी पेशी अशा विरजणासारख्या असतात. त्यांतल्या अवघ्या शंभर पेशी टोचल्या, तर निम्म्या उंदरांत नवी गाठ धरली! यांनाच कर्करोगाच्या मूळपेशी म्हणतात.

केमोथेरपीचा मारा मुख्यतः भराभर वाढणाऱ्या पेशींवर. मूळपेशी तिला सहजी दाद देत नाहीत. गाठ लहान दिसते, पण विरजण उरतं. नेमकं तेच मारणाऱ्या औषधांचा शोध चालू आहे, पण काम सोपं नाही. नापाबुकासिन या औषधाची मोठी चाचणी २०१९ साली, उपयोग दिसेना म्हणून थांबवावी लागली.

तेव्हा दोन गोष्टी पदराला गाठ मारून ठेवा. "स्टेम सेलच्या इंजेक्शनानं कॅन्सर बरा करतो" अशा जाहिरातींना भुलून बांगड्या मोडू नका. मूळपेशींचं रोपण रक्ताच्या काही आजारांत करतात. स्वादुपिंडाच्या कर्करोगावरचा तो सिद्ध झालेला उपाय नव्हे.

दुसरं, घरातल्या वडीलधाऱ्यांना पोटात न दुखता कावीळ झाली, अंगाला खाज सुटली, वजन उतरलं, किंवा पन्नाशीनंतर एकाएकी मधुमेह निघाला, तर कावीळ उतरवणाऱ्याकडे आठवडे घालवू नका. लगेच डॉक्टरांकडे न्या. हा रोग पसरण्याआधी सापडला, तरच शस्त्रक्रिया करता येते. आणि बरं होण्याची खरी आशा तिथेच असते.

वहिनींना मी एवढंच म्हटलं, "तुमच्या हातून काही चुकलं नाही. त्या पेशींची जातच चिवट." ऐकून त्या कितीतरी दिवसांनी चार घास नीट जेवल्या.