नाडी मोजा, मग वयाला दोष द्या



आपल्याकडं माणूस साठीच्या पुढं गेला आणि चक्कर येऊन पडला, की कारण आधीच ठरलेलं असतं. वय झालं. पित्त खवळलं. एकादशीचा उपास होता. कोणी सलाईन लावून आणतो, कोणी उतारा टाकतो, आणि आठ दिवसांनी तोच माणूस परत रानात दारे धरायला हजर. माझे म्हणणे एवढेच आहे की, या सगळ्याच्या आधी त्याचे मनगट हातात घ्यावे आणि घड्याळ लावून पुरते एक मिनिट नाडी मोजावी. याला पैसा लागत नाही. तरी आपण ते करीत नाही.

शहाणपणा सांगतो असे कोणी समजू नये. आमच्या थोरल्या बंधूंच्या बाबतीत आम्हीही हेच केले. पहिल्यांदा ते गोठ्यात वैरण टाकताना पडले, दुसऱ्यांदा बाजारात. दोन्ही वेळी मिनिटभरात उठून बसले, "काय झालं रे?" म्हणाले, म्हणून आम्हीही गप्प. एका दवाखान्यात अशक्तपणा सांगून सलाईन लावली. नाडी धरली असेल, मोजली नाही. तिसऱ्यांदा रात्रीच्या लाईटीवर उसाला पाणी द्यायला गेले आणि विहिरीच्या काठापासून दोन हातांवर पडलेले सापडले. मग तालुक्याला नेऊन ईसीजी काढला. नाडी मिनिटाला ३४. डॉक्टर म्हणाले, "हृदयात पूर्ण ब्लॉक आहे, पेसमेकर बसवावा लागेल."

इथं बहुतेक घरांत घोटाळा होतो, आमच्याही झाला. ब्लॉक म्हटल्यावर आम्हाला वाटले रक्तवाहिनी तुंबली, स्प्रिंग घालायची. हा ब्लॉक तो नव्हे. आपल्याच कारभाराचा दाखला देतो. हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात एक छोटी गाठ आहे. ती वीज सोडते, तीच ठोक्यांचा हुकूम. हा हुकूम मधल्या एका ठाण्यातून खालच्या मोठ्या कप्प्यांकडे जातो आणि ते रक्त ढकलतात. आता कारखान्यातून तोडीची चिठ्ठी निघाली, पण गट ऑफिसलाच अडकली, तर टोळी काय करील? आपल्या मनाने, रमतगमत चार मोळ्या बांधील. पूर्ण ब्लॉकमध्ये खालचे कप्पे असेच आपल्या मनाने मिनिटाला ३०-४० ठोके देतात. (चिठ्ठी अडकण्याचा अनुभव सभासदांना आहेच, जास्त सांगायला नको.) काहींच्यात मुळात हुकूम देणारी गाठच थकते. दोन्हीकडे मेंदूला रक्त कमी पडते, म्हणून भोवळ, धाप, चालताना पाय गळणे, आणि डोळ्यांपुढं अंधार येऊन एकदम पडणे.

तरी नाडी हळू म्हणजे रोगच, असे नाही. बसल्या जागी ६० ते १०० हा नेहमीचा हिशेब. पण कष्टाच्या माणसाची, तालमीतल्या पोराची नाडी ५० असते आणि त्याला काही होत नाही. झोपेत ती सगळ्यांचीच उतरते. त्रास नसेल तर बहुतेकांना यंत्र लागत नाही. शिवाय काही कारणे निघून जाणारी असतात. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी ठोके मंदावतात, थायरॉइड कमी पडला तरी मंदावतात. आपल्या बांधावरची कण्हेर आणि पिवळी बिट्टी पोटात गेली तर हृदयाचा हाच ब्लॉक होतो. फवारणीच्या काही विषारी औषधांनीही नाडी पार बसते. त्याला उतारा-इंजेक्शन आहे, कायमचे यंत्र नव्हे. म्हणून दवाखान्यात जाताना गोळ्यांची पिशवी आणि फवारणीचा डबा बरोबर न्यावा. लपवू नये. मात्र वयाने वायरिंगच झिजले असेल आणि माणूस पडत असेल, तर त्यावर गोळी नाही. पेसमेकर हाच इलाज.

हे यंत्र निघाले कसे, तेही लाईट जाण्यावर अवलंबून असलेल्या आपल्यासारख्यांना कळावे असे आहे. सुरुवातीचे पेसमेकर पेटीएवढे, भिंतीतल्या विजेवर चालणारे. ३१ ऑक्टोबर १९५७ रोजी अमेरिकेत मिनियापोलिस भागात लाईट गेली आणि तिथं एक मूल दगावले. मग अर्ल बॅकन नावाच्या, गॅरेजात यंत्रे दुरुस्त करणाऱ्या माणसाने थोड्याच आठवड्यांत बॅटरीवरचा, अंगावर बांधता येणारा पेसमेकर करून दिला. पुढच्याच वर्षी, ८ ऑक्टोबर १९५८ ला, स्वीडनमध्ये स्टॉकहोमला शरीराच्या आत बसवायचा पहिला पेसमेकर आर्ने लार्सन यांना बसवला. तो काही तासांतच बंद पडला! दुसरा बसवला. असे एकूण २६ पेसमेकर झाले. हा गृहस्थ २००१ साली ८६ व्या वर्षी वारला, तोही हृदयाने नव्हे. ज्या डॉक्टरने बसवला आणि ज्या इंजिनिअरने बनवला, ते दोघे त्याच्या आधी गेले.

आमच्या घरी मात्र बसवायचा की नाही यावर सतरा दिवस गेले. "यंत्रावर जगायचं का?" "माणूस कामातून गेला." एका पाहुण्याने तर सांगितले की, यंत्र असले की शेवटी जीव जात नाही, माणूस तडफडत राहतो. हे साफ खोटे. हृदयाच्या स्नायूला प्राणवायू मिळेना झाला की यंत्राने कितीही इशारा दिला तरी ते हलत नाही. ते सतरा दिवस आठवले की आजही झोप येत नाही, कारण त्यातला कोणताही दिवस शेवटचा ठरू शकला असता.

प्रत्यक्षात छाती फोडत नाहीत. गळपट्टीच्या हाडाखाली जागा बधिर करतात, शिरेतून एक किंवा दोन तारा हृदयात सोडतात आणि काडेपेटीहून लहान डबी कातड्याखाली ठेवतात. तास-दोन तासांचे काम. डबी ठोके पाहत बसते, कमी पडले तरच इशारा देते. बॅटरी साधारण आठ-बारा वर्षे जाते, मग डबी बदलतात. महिना-दीड महिना त्या बाजूचा हात खांद्यावर उचलायचा नाही, म्हणजे मोळी, पोते, मोटारीचा पाईप बंद. नंतर शेतकामाला सहसा अडचण नाही. मोबाईल त्या खिशात ठेवू नये. वेल्डिंगचे काम असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. ठरल्या वेळी तपासणीला जावे. कार्ड कायम खिशात असावे. आणि अप्रिय असले तरी सांगतो, माणूस गेल्यावर दहनापूर्वी डबी काढून घ्यावी लागते, आगीत ती फुटते.

खर्चाचे म्हणाल, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत पेसमेकर बसतो. रेशन कार्ड, आधार घेऊन यादीतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटावे. आम्हाला हे कुणी सांगितले नाही, आम्ही सोसायटीचे कर्ज काढले.

आता कारखान्याविषयी. दरवर्षी कार्यस्थळावर शिबिर होते, डोळे तपासतात, साखर तपासतात, फोटो छापून येतात. चांगलेच आहे. पण साठीवरच्या प्रत्येकाची मिनिटभर नाडी मोजून लिहून ठेवायला काय हरकत आहे? पन्नासच्या खाली असेल, किंवा "गेल्या वर्षात शुद्ध हरपून पडलात का?" याला हो म्हणेल, त्याचा तिथंच ईसीजी काढावा. यात तोडणी मजूरही धरावेत. ते सभासद नाहीत, पण आपलाच ऊस तोडतात. एका संचालकांनी मला सांगितले, "कारखान्याचं काम साखर करणं." बरोबर आहे. पण सत्काराच्या हारतुऱ्यांनी तरी किती साखर होते? एक ईसीजी मशीन त्याहून फार महाग नाही. शिवाय ज्याची निकड लागेल त्याला ऊस बिलापोटी उचल मिळावी, बिनव्याजी नसली तरी चालेल.

एकदा ईसीजी नीट निघाला म्हणून गप्प बसायचे नाही, हेही शिबिरातल्या डॉक्टरांनी सांगावे. ब्लॉक येतो-जातो. परत पडला तर चोवीस तास अंगावर बांधायचे होल्टर मशीन लावतात.

थोरले बंधू आता पाण्याला जातात. रात्री एकट्याला आम्ही पाठवीत नाही, ते त्यांना आवडत नाही. वरील मागणीचा ठराव मी लिहून गट ऑफिसला दिला आहे. सूचक म्हणून माझी सही आहे. अनुमोदकाची जागा रिकामी ठेवली आहे. ज्यांना पटेल त्यांनी वार्षिक सभेआधी येऊन सही करावी.

— एक ऊस उत्पादक सभासद