दाखला व्यक्तीला, शिस्त कोणाला?

प्रकल्प कसा आखावा आणि तो तडीस कसा न्यावा, याचे आता रीतसर शास्त्र झाले आहे. त्याचे अभ्यासक्रम आहेत, परीक्षा आहेत आणि उत्तीर्ण होणाऱ्यास मिळणारे दाखलेही आहेत. पदवी घेऊन बाहेर पडलेल्या तरुणास नोकरीच्या जाहिरातीत या दाखल्याची अपेक्षा वाचावयास मिळते आणि घरच्या मिळकतीच्या मानाने जड असलेले शुल्क भरून तो परीक्षेस बसतो. छत्रपती संभाजीनगरात शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० पासून आहे. वाळूज, शेंद्रा आणि बिडकीन येथील उद्योगांवर या शहराची उमेद उभी आहे. तेथील तरुणांना या दाखल्याची ओढ वाटावी, हे स्वाभाविकच होय. परंतु याच शहरासाठी धरणापासून एक मोठी जलवाहिनी टाकण्याचे काम कसे रेंगाळत गेले, हे पाहिले म्हणजे या दाखल्यांचे मोल नेमके कोठे आहे आणि कोठे नाही, याचा विचार करणे भाग पडते.

प्रथम दाखल्याची बाजू पाहू. युरोपात १९६५ मध्ये आणि अमेरिकेत १९६९ मध्ये प्रकल्प व्यवस्थापकांच्या संस्था स्थापन झाल्या. अमेरिकन संस्थेने १९८४ पासून परीक्षा घेऊन दाखले देण्यास आरंभ केला. ही परीक्षा केवळ पाठांतराची नाही. पदवीधरास प्रकल्पांचे नेतृत्व केल्याचा तीन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो, ३५ तासांचे शिक्षण घ्यावे लागते आणि दर तीन वर्षांनी दाखल्याचे नूतनीकरण करावे लागते. कामाची व्याप्ती आधी ठरवा, खर्च आणि मुदत बांधून घ्या, संभाव्य अडचणींची नोंद ठेवा, मूळ आराखड्यात बदल करावयाचा तर तो कोणाच्या संमतीने झाला हे लिहून ठेवा आणि काम संपल्यावर त्यातून काय शिकलो याची टिपणे पुढच्यांच्या हाती द्या, ही या शास्त्राची शिकवण. यात वाईट काय आहे? किंबहुना, यातील एक तत्त्व जरी कसोशीने पाळले गेले असते, तरी शहराचे चित्र निराळे दिसले असते.

पैठणच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधी यांनी त्याचे उद्घाटन केले. शहर आणि हा जलाशय यांत सुमारे ४० किलोमीटर जलवाहिनीचे अंतर. म्हणजे अभाव पाण्याचा नव्हता. ते आणण्याच्या व्यवस्थेचा होता. जुन्या वाहिन्या वाढत्या वस्तीस अपुऱ्या पडू लागल्या, तेव्हा २००६ च्या सुमारास समांतर जलवाहिनीची कल्पना पुढे आली. २०११ मध्ये खासगी सहभागाचा करार झाला, २०१४ मध्ये शहराचा पाणीपुरवठा कंपनीच्या हाती गेला आणि २०१६ मध्ये महापालिकेने तो करार रद्द केला. त्यानंतर २०१९ मध्ये १६८० कोटी रुपयांची नवी योजना मंजूर झाली आणि डिसेंबर २०२० मध्ये तिचे भूमिपूजन झाले. पुढे केंद्राच्या अमृत योजनेत समाविष्ट होताना तिचा आकडा २७४० कोटींवर गेला. दरम्यान वसाहतींमधील नागरिक आठवड्यातून एकदा येणाऱ्या पाण्यासाठी टाक्या व पिंपे भरून ठेवीत राहिले आणि लाईनमन कोणत्या गल्लीचा व्हॉल्व्ह केव्हा उघडील, यावर घरोघरचा दिनक्रम ठरत गेला. अखेरीस उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठास या कामाच्या प्रगतीवर देखरेख ठेवावी लागली.

हे सारे दाखलाधारक व्यवस्थापक नसल्यामुळे घडले, असे म्हणता येईल काय? जायकवाडीचा जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. तेथे पाणी उपसण्यासाठी जॅकवेल बांधावयाची तर वन्यजीवविषयक परवानगी लागणार, हे ओळखण्यास परदेशी परीक्षेची आवश्यकता नाही. पैठणचा रस्ता रुंद होत असताना त्याच पट्ट्यातून अजस्र वाहिनी जाणार, तर दोन यंत्रणांनी आधी एका टेबलाशी बसावे, हे कोणताही कनिष्ठ अभियंता सांगेल. उणीव ज्ञानाची नव्हती. त्या ज्ञानावर निर्णय घेण्याचा अधिकार आणि त्या निर्णयाचे उत्तरदायित्व एका ठिकाणी नव्हते. पाणी महापालिकेने पुरवावयाचे, काम जीवन प्राधिकरणाने करून घ्यावयाचे, पैसा राज्य व केंद्राने द्यावयाचा, प्रत्यक्ष बांधणी कंत्राटदाराची आणि रस्ता महामार्गवाल्यांचा. अशा रचनेत उत्तम दाखला घेतलेला व्यवस्थापकही विलंबाची नोंद ठेवणारा कारकूनच ठरेल.

येथेच या प्रश्नाचे मर्म आहे. परीक्षा व्यक्तीची होते. प्रकल्प मात्र संस्था पार पाडतात किंवा बुडवितात. ज्या देशांतून हे दाखले आले, त्यांनी ही गोष्ट ओळखली. ब्रिटनमध्ये १९८९ मध्ये प्रचारात आलेली ‘प्रिन्स’ ही पद्धत मुळात सरकारनेच आपल्या संगणकीय कामांना शिस्त लावण्यासाठी स्वीकारली होती. अमेरिकेने २०१६ मध्ये कायदा करून केंद्रीय खात्यांना या कामासाठी जबाबदार वरिष्ठ अधिकारी नेमण्याचे बंधन घातले. म्हणजे मानदंड आधी शासनाने स्वतःवर लादून घेतला. आपल्याकडेही नीती आयोग आणि भारतीय गुणवत्ता परिषद यांनी ऑक्टोबर २०२० मध्ये प्रकल्प व्यवस्थापनाचा राष्ट्रीय धोरण-आराखडा जाहीर केला. त्यात प्रशिक्षणाचा व दाखल्यांचा विचार आहे. तो स्वागतार्ह आहे. मात्र त्याचा शेवट अधिकाऱ्यांच्या सेवापुस्तकात आणखी एका नोंदीची भर पडण्यात होऊ नये.

दाखल्याच्या अतिरेकाचा दुसराही धोका आहे. डॉक्टर, वकील, वास्तुविशारद यांच्या व्यवसायास कायद्याचे नियमन आहे. चुकल्यास नाव पटावरून कमी होऊ शकते. अभियंत्यांच्या नोंदणीचा तसा केंद्रीय कायदा इतक्या दशकांत झाला नाही. अशा स्थितीत खासगी दाखला हा नियमनाचा पर्याय मानला गेला, तर शुल्क भरू शकणारा पुढे जाईल आणि वीस वर्षे वाहिन्यांवर राबलेला, गळती कोठे आहे हे जाणणारा मागे पडेल. या शहरास मलिक अंबरच्या नहरींचा वारसा आहे. सतराव्या शतकातील त्या भूमिगत वाहिन्या शतकानुशतके उपयोगी पडल्या. पाण्याचा दाब राखणारे मनोरे आणि नियमित सफाईची सोय त्या बांधणीतच होती. मानदंड कामात उतरलेला असला, म्हणजे तो असा टिकतो.

तेव्हा मागणी काय असावी? प्रत्येक मोठ्या सार्वजनिक प्रकल्पास एक नामनिर्दिष्ट प्रमुख असावा आणि काम निर्णायक टप्प्यावर येईपर्यंत त्याची बदली होऊ नये. खर्च वा मुदत वाढली, तर ती का वाढली आणि कोणी मान्य केली, हे मराठीत व सर्वांना वाचता येईल अशा रीतीने दर तिमाहीस प्रसिद्ध व्हावे. रद्द झालेल्या योजनेचाही समाप्ती-अहवाल निघावा; कारण २०१६ मध्ये मोडलेल्या करारातून काय शिकावयाचे, हे पुढील योजनेच्या आधी सांगितले जाणे हा नागरिकांचा हक्कच होता. एवढे झाले, तर तरुणाने कष्टाने मिळविलेल्या दाखल्यास खरा अर्थ येईल. तोवर त्याच्या भिंतीवर प्रमाणपत्र लागेल, परंतु त्याच भिंतीपलीकडच्या नळास पाणी केव्हा येईल, हे सांगण्यास जबाबदार माणूस सापडणार नाही.