नकाशे दोन, घर एक

गतवर्षीं आर्वी येथील आमच्या जुन्या घरावर मजला चढविण्याचें काम निघालें. तुळयांचा नकाशा एकानें काढला, सांडपाण्याच्या नळांचा दुसऱ्यानें. दोन्ही कागद आपापल्या परीनें निर्दोष; परंतु न्हाणीघराचा नळ नेमका तुळईंतूनच जावयाचा होता! काम १५ दिवस थांबलें, आणि वाढीव खर्च कोणीं सोसावा यावरून आम्हां दोघां भावांत अबोला धरला गेला.

तेव्हां आमचा अभियंता पुतण्या म्हणाला, "काका, यासाठींच हल्लीं 'बिम' वापरतात." गवंडी तुळईसच बीम म्हणतात, आम्हांस वाटलें, हा तिच्याविषयींच बोलतो. परंतु 'बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग' या नांवाचें तें संक्षिप्त रूप. घर बांधूं इच्छिणाऱ्या वाचकांसाठीं तें येथें थोडक्यांत देत आहों.

साध्या नकाशांत खिडकी म्हणजे चार रेघा. बिममध्यें सबंध इमारत आधीं संगणकावर उभी करितात, आणि तींतील खिडकीस तिचें माप, लांकूड कीं लोखंड, किंमत व ती ज्या भिंतींत बसली तिच्याशीं नातें, हें सर्व जोडलेलें असतें. ४ फूट उंचीची खिडकी ३ फुटांऐवजीं ४ फूट रुंद केली, तर भिंतीचें ४ चौरस फूट विटकाम आपोआप कमी होतें, आणि हीच दुरुस्ती सर्व नकाशांत व अंदाजपत्रकांत उमटते. नळ तुळईस भिडला, तर तेंही तेथेंच दिसतें. लांबी, रुंदी व उंची यांस कामाचा काळ जोडला कीं चौथें परिमाण, खर्च जोडला कीं पांचवें. आपल्या शेजारच्या नागपूर मेट्रोच्या बांधणींत ही पंचपरिमाणी पद्धति योजिली होती. तिचा खापरी ते सीताबर्डी हा भाग मार्च २०१९ मध्यें सुरू झाला.

आधीं हिशेब, मग वीट, ही बुद्धि आपणांस नवी नाहीं. शुल्बसूत्रांत श्येनचितीच्या ५ थरांसाठीं दर थरास २०० अशा १००० विटा नेमून दिल्या आहेत. नवें आहे तें एवढेंच, कीं एकानें केलेला बदल सर्वांस तत्काळ कळावा. मात्र संगणक अंतर्ज्ञानी नव्हे. जागेवर नळ सरकविला व तें नोंदविलें नाहीं, तर तें चित्र खोटेंच ठरतें.

लहान घरास एवढा खटाटोप नको. परंतु पाया खणण्यापूर्वीं एके संध्याकाळीं सर्व नकाशे व सर्व कारागीर एका सतरंजीवर आणावेत, आणि गिलाव्यापूर्वीं नळ व तारा यांचीं मापें लिहून, छायाचित्रें घेऊन ठेवावींत.

आमचा नळ अखेर तुळईस वळसा घालून गेला. तो कोठून वळला हें एका वहींत लिहिलें आहे. खालीं आम्हां दोघां भावांच्या सह्या आहेत.