अडलंय, पण सांगायचं कुणाला?

सकाळचे साडेनऊ. आमच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये एका गॅसवर चहा, दुसऱ्यावर पोहे आणि ओट्यावर माझ्या रूममेटचा लॅपटॉप! मॅडम हिंजवडीतल्या एका आयटी कंपनीत टेस्टर आहेत. घरून काम असलं की त्यांचं ‘स्टँड-अप’ मला पोहे परतता परतता ऐकावंच लागतं. (कॉमेडीवालं नव्हे हो, मीटिंगवालं!)

आता तर पाठच झालंय. ‘काल हे टेस्ट केलं, आज ते करणार, नो ब्लॉकर्स.’ आठ जण, आठही जणांची एकच चाल. शाळेत हजेरीला ‘उपस्थित’ म्हणायचो ना, सेम टू सेम.

एका रात्री अडीच वाजता पाणी प्यायला उठले, तर बाईसाहेब किचनमध्ये राजीनाम्याचा मेल टाइप करत बसलेल्या! मग सगळं बाहेर आलं. ग्राहकानं कूपन वापरून केलेली ऑर्डर रद्द केली, तर कूपन परत द्यायचं की नाही? एवढाच प्रश्न. क्लायंट म्हणतो द्या, मॅनेजर म्हणतात नको, सेल्सवाले म्हणतात अर्धं द्या. तिनं बग टाकला की डेव्हलपर म्हणणार, ‘मला सरांनी असंच सांगितलंय.’ दोन आठवडे काम तिथंच अडकलेलं आणि रोज सकाळी ‘नो ब्लॉकर्स’!

‘अगं, मग बोलत का नाहीस?’

‘सगळ्यांसमोर सरांचंच नाव घेऊ? आणि अप्रेझल तू करणार आहेस का?’

मास कॉमला एक गोष्ट मात्र डोक्यात पक्की बसवली होती. ऐकीव माहितीवर जायचं नाही, मूळ कागद वाचायचा. म्हणून ‘स्क्रम गाइड’ उघडलं. केन श्वेबर आणि जेफ सदरलंड या जोडीनं 1995 मध्ये मांडलेली ही पद्धत. ‘अजाइल’चा प्रसिद्ध जाहीरनामा त्यानंतरचा. फेब्रुवारी 2001 मध्ये अमेरिकेत, युटामधल्या स्नोबर्ड इथं 17 जणांनी बसून तो लिहिला. त्या सतरांत हे दोघंही होते. आणि हे गाइड पंधरा पानांचंही नाही, बरं का!

2020 च्या आवृत्तीत ‘रोल’ हा शब्दच बाजूला ठेवलाय. त्याऐवजी कोण कशासाठी उत्तरदायी, एवढंच विचारलंय. एक, प्रॉडक्ट ओनर. कुठलं काम आधी, हे तो ठरवणार. आणि तो एकच माणूस असतो, कमिटी नाही. बाकीच्यांनी त्याला पटवावं, पण परस्पर हुकूम सोडायचा नाही. दोन, डेव्हलपर्स. काम कसं करायचं आणि दर्जा कसा राखायचा, हे त्यांचं. टेस्टरही यातच, वेगळी पंगत नाही. तीन, स्क्रम मास्टर. टीमच्या वाटेतले अडथळे दूर होतील हे बघणारा. नावात ‘मास्टर’ असला तरी हेडमास्तर नव्हे!

आणि ती पंधरा मिनिटांची रोजची मीटिंग? ती डेव्हलपर्सची, दिवसाचं काम आपसात ठरवण्यासाठी. साहेबांना रिपोर्ट देण्यासाठी नाहीच. ‘काल काय, आज काय, अडचण काय’ हे तीन प्रश्नही 2020 मध्ये गाइडमधून काढून टाकलेत.

दुसऱ्या दिवशी चहाबरोबर हे सगळं वाचून दाखवलं. ती हसली. ‘पाट्या आमच्याकडेही आहेत गं. प्रॉडक्ट ओनरला प्रत्येक गोष्ट तिघांना विचारावी लागते. आणि स्क्रम मास्टर म्हणजे आमचे सरच. रेटिंगही तेच देणार.’

घोडं नेमकं इथंच पेंड खातंय! ज्याला अडचण सांगायची, त्याच्याच हातात आपलं प्रगतिपुस्तक. मग कोण कशाला तोंड उघडेल? वेळेत कळली असती तर दहा मिनिटांत सुटणारी गोष्ट दोन आठवडे कुजत पडते. पाट्या बदलल्या, पण आतलं ऑफिस तेच राहिलं.

सोमवारी मॅडमनी माइक ऑन केला. ‘माझा ब्लॉकर आहे. कूपनचा निर्णय कुणी तरी एकानं घ्यायचाय. तो एक कोण?’ पलीकडे चिडीचूप. माझे पोहे खाली लागले. मग कुणी तरी हळूच म्हणालं, ‘मलाही हेच विचारायचं होतं.’ तो ‘मला सरांनी सांगितलंय’वाला डेव्हलपरच! संध्याकाळपर्यंत प्रॉडक्ट ओनरचा एका ओळीचा मेल आला. कूपन परत द्यायचं. विषय संपला.

राजीनाम्याचा मेल अजून ड्राफ्टमध्येच आहे म्हणे. एका सोमवारनं काही ऑफिस बदलत नाही, हे तिलाही कळतं.

तुम्ही उद्या एवढंच करा. ऑफिसातल्या स्टँड-अपला उभे राहाल, तेव्हा बोलणाऱ्याची नजर कुठे जाते ते बघा. शेजारच्या टीममेटकडे, की सरांकडे? सरांकडे जात असेल तर बॉस, ते स्टँड-अप नव्हे. ती हजेरी आहे!